गणित-विज्ञान शिक्षकांची घडण आणि तंत्रज्ञान

(म्हैसूरनजीक वरुणा येथे, महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर आलेल्या अध्यापकाचार्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

आपण ज्या परिसरात जमलो आहोत, त्या परिसराचे शिक्षण आणि तंत्रज्ञान या दोन्हींशी जुने नाते आहे. कृष्णराजसागर धरणाच्या उभारणीत मोलाचा वाटा असलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत दाखल झाले आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. १९३५ मध्ये म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी खासगी प्रयत्नातून नभोवाणी केंद्र सुरू केले. 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राचे. एका प्राध्यापकाला नभोवाणी हे लोकशिक्षणाचे साधन वाटले, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. यंत्र कोणाच्या हाती आणि कोणत्या हेतूने येते, यावर त्याचे फळ अवलंबून असते.

मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. गणित किंवा विज्ञान कसे शिकवावे, हे तुम्हाला सांगण्याचा अधिकार माझा नाही. मात्र सार्वजनिक पैसा कोठे खर्च झाला, त्यातून काय निष्पन्न झाले आणि तोच पैसा अन्यत्र लावला असता तर काय साधले असते, हे तपासणे माझ्या शास्त्राचे काम आहे. त्या अंगाने मी आजचा विषय मांडणार आहे.

प्रश्नाचे स्वरूप

प्रथम आकडे पाहू. 'परख' संस्थेच्या २०२४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गणितातील सरासरी कामगिरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के आढळली. नववीच्या विज्ञानात ती ४० टक्के होती. म्हणजे मूल जसजसे वरच्या वर्गात जाते, तसतसा गणित त्याच्या हातून निसटत जातो. नववीत मागे पडलेला विद्यार्थी अकरावीत विज्ञान शाखेकडे वळत नाही, आणि वळला तरी टिकत नाही. देशाला अभियंते, परिचारिका, तंत्रज्ञ, सांख्यिकीतज्ज्ञ हवे असताना त्यांची गळती शाळेतच सुरू होते. ग्रामीण भागातील आणि घरात शिकणारी पहिलीच पिढी असलेल्या मुलांच्या बाबतीत या गळतीची किंमत अधिक असते. कारण शाळेतील उणीव भरून काढणारी खासगी शिकवणी त्यांच्या आवाक्यात नसते.

दुसरीकडे साधने वाढत आहेत. एकीकृत जिल्हा शिक्षण माहिती प्रणालीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. २०२४-२५ मध्ये ही प्रमाणे अनुक्रमे ६४.७ आणि ६३.५ टक्के झाली. 'असर' २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले. साधने वाढली म्हणून आकलन आपोआप वाढत नाही, हे या दोन प्रकारच्या आकड्यांतील अंतर सांगते. साधन आणि आकलन यांच्यामधला दुवा म्हणजे शिक्षक. म्हणून खरा प्रश्न असा : गणित आणि विज्ञानाचा शिक्षक घडत असतानाच तंत्रज्ञान त्याच्या अध्यापनाचा भाग कसे व्हावे?

पन्नास वर्षांचा अनुभव

हा प्रश्न नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात आपल्या देशात 'साईट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. या प्रयोगाचा एक भाग आज विस्मरणात गेला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचे बारा दिवसांचे प्रशिक्षण त्याद्वारे घेतले आणि दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ५० हजार शिक्षकांपर्यंत ते पोहोचले. त्यात केवळ पडद्यावरचे कार्यक्रम नव्हते. नभोवाणी, छापील साहित्य, स्वतः करावयाचे प्रयोग आणि केंद्रावर चर्चा घडवून आणणारा मार्गदर्शक यांची जोड होती. आज आपण ज्याला 'मिश्र पद्धतीचे प्रशिक्षण' म्हणतो, त्याचे हे पूर्वरूप होय. परंतु उपग्रह वर्षभरासाठीच मिळाला होता. तो हलविला गेला आणि प्रक्षेपण थांबले.

पुढे १९८४-८५ मध्ये 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प आला. सुमारे अडीचशे शाळांपासून सुरुवात झाली आणि पुढे बीबीसी मायक्रो जातीचे सुमारे १२ हजार संगणक शाळांना देण्यात आले. या योजनेत संगणक हा स्वतंत्र विषय मानला गेला. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या तासाशी त्याचा संबंध क्षीण राहिला. राष्ट्रीय शिक्षण धोरण १९८६ नंतर स्थापन झालेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये शैक्षणिक तंत्रविद्येची वेगळी शाखा ठेवण्यात आली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी असलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. या म्हैसूरलगतच्या चामराजनगर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत त्याचा पथदर्शी प्रयोग झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'आयसीटी अॅट स्कूल' ही केंद्र पुरस्कृत योजना सुरू झाली. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालचित्रवाणीने दर्जेदार शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती केली. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

या इतिहासातून एक सूत्र हाती येते. प्रत्येक वेळी साधनाचे आयुष्य हेच योजनेचे आयुष्य ठरले. उपग्रह गेला, संगणक कालबाह्य झाले, की कामही थांबले. साधन येते आणि जाते. टिकते ते शिक्षकाच्या ठायी निर्माण झालेले सामर्थ्य.

पूरक की पर्यायी?

अर्थशास्त्रात दोन वस्तूंमधील संबंध दोन प्रकारचे मानतात. चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू आहेत. चहा आणि साखर या पूरक. तंत्रज्ञान हे शिक्षकाला पर्याय आहे की पूरक, हा वादाचा नव्हे तर तपासणीचा प्रश्न आहे, आणि तशी तपासणी आपल्या देशातच झाली आहे.

वडोदरा हे सयाजीराव गायकवाडांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणामुळे आपल्या परिचयाचे शहर. तेथील महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे याप्रमाणे, गणिताचे खेळ दिले गेले. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पहिल्या वर्षी गणिताचे गुण ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनांनी वाढले. शिक्षणाच्या क्षेत्रात हा परिणाम मोठा मानला जातो. मात्र कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात तो बऱ्याच अंशी ओसरला.

लिंडेन यांनीच गुजरातमधील 'ज्ञानशाला' वर्गांत केलेला दुसरा अभ्यास अधिक बोलका आहे. एकच आज्ञावली दोन प्रकारे वापरण्यात आली. जेथे नेहमीच्या तासाच्या जागी मुले संगणकावर बसली, तेथे त्यांचे गुण ०.५७ प्रमाण विचलनांनी घटले. जेथे शाळेच्या वेळेव्यतिरिक्त जादा सराव म्हणून ती वापरली गेली, तेथे गुण ०.२८ प्रमाण विचलनांनी वाढले. यंत्र तेच, आशय तोच. फरक होता तो केवळ जागेचा. चांगला चालणारा तास हिरावून घेतला तर यंत्र नुकसान करते, त्या तासाला जोड दिली तर लाभ देते.

तिसरा दाखला पाकिस्तानातील पंजाब प्रांताचा, आणि तो थेट आपल्या विषयाचा आहे. तेथे आठवीच्या गणित व विज्ञान शिक्षकांना अभ्यासक्रमाला धरून असलेल्या लहान चित्रफिती आणि त्या वर्गात कशा वापराव्यात याचे अल्प प्रशिक्षण दिले, तेव्हा काही महिन्यांतच विद्यार्थ्यांची प्रगती दिसली. मात्र तशाच प्रकारचा आशय शिक्षकाला वगळून थेट विद्यार्थ्यांच्या हातातील टॅब्लेटवर दिला, तेव्हा गुण उलट घसरले. सब्रिन बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मग शिक्षकाला साधन दिले की काम झाले, असेही नाही. कोस्टारिकामध्ये सातवीच्या भूमितीसाठी संगणक, परस्परसंवादी फळे आणि नवा अभ्यासक्रम आणला गेला. सॅम्युएल बर्लिन्स्की व मातियास बुसो यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार या वर्गांतील विद्यार्थी जुन्या पद्धतीच्या वर्गांपेक्षा कमीच शिकले. एकाच वेळी नवी पद्धत, नवे साधन आणि अपुरी तयारी यांचा भार शिक्षकावर पडला, की तास विस्कटतो. सारांश, तंत्रज्ञान पूरक ठरते ते आधी घडलेल्या शिक्षकाच्या हाती.

आशय, अध्यापन आणि तंत्र

हे घडणे म्हणजे नेमके काय? ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक मूलगामी विचार मांडला. विषय येणे आणि शिकविण्याचे सामान्य तंत्र येणे, ही दोन ज्ञाने वेगवेगळी ठेवून चालत नाही. अमुक संकल्पना मुलांना का अवघड जाते, तेथे कोणते उदाहरण द्यावे, कोणती चूक अपेक्षित धरावी, हे शिक्षकाचे खास ज्ञान आहे. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घालून आशय, अध्यापन आणि तंत्र या तिन्हींच्या संगमाची चौकट मांडली. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी ती 'टीपॅक' या नावाने लक्षात ठेवावी. परंतु नावापेक्षा तिचा अर्थ महत्त्वाचा आहे. तो दोन उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण भूमितीचे. 'जिओजेब्रा' ही मुक्त आज्ञावली मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात विकसित करण्यास सुरुवात केली. तिच्यात त्रिकोण काढून एक शिरोबिंदू सरकवला की तिन्ही कोन बदलतात, पण बेरीज १८० अंशच राहते. मुले चकित होतात. अर्धवट तयारीचा शिक्षक येथे थांबतो आणि 'पाहिलेत ना, सिद्ध झाले' असे म्हणतो. गणितात हे घातक आहे. कारण शंभर त्रिकोण पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे. तयारीचा शिक्षक येथूनच सुरुवात करतो. बेरीज का बदलत नाही, असे तो विचारतो, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायला लावतो आणि मुलांना व्युत्क्रम कोनांपर्यंत नेतो. आज्ञावलीने कुतूहल निर्माण केले, सिद्धता मात्र वहीत आणि विचारातच झाली. कोठे थांबायचे आणि कोठे यंत्र बाजूला ठेवायचे, हा निर्णय कोणतीही आज्ञावली घेऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण विज्ञानाचे, आणि ते या वरुणा परिसरातच घेता येईल. कृष्णराजसागराच्या पाण्यावर चालणारा वरुणा कालवा या भागातून जातो. छात्राध्यापकांनी सुरक्षित अशा एखाद्या शेतचारीवर दहा मीटर अंतर मोजावे, पाण्यावर पाने सोडावीत, मोबाइलमधील घड्याळाने वेळ नोंदवावी आणि वेग काढावा. चारीची रुंदी व खोली मोजून दर सेकंदाला किती पाणी वाहते, याचा अंदाज बांधावा. दहा नोंदी तक्त्यात भरून सरासरी आणि आलेख काढावा. पृष्ठभागावरचे पाणी तळाजवळच्या पाण्यापेक्षा वेगाने वाहते, म्हणून हा अंदाज प्रत्यक्षाहून अधिक येतो, हेही शोधून काढावे. यात वेग, क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी आणि मापनातील त्रुटी एकत्र येतात. खर्च जवळजवळ शून्य आहे. शेतकऱ्याच्या मुलीला कळते की, विज्ञानाच्या पुस्तकातले सूत्र आणि आपल्या बांधावरचे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

कोलोरॅडो विद्यापीठातील 'फेट' या प्रकल्पाची सदृशीकरणे मराठीत आणि कन्नडमध्येही उपलब्ध आहेत. विद्युत मंडलात इलेक्ट्रॉन कसे वाहतात, हे डोळ्यांना दिसत नाही. ते येथे दाखविता येते. पण लंबकाचा प्रयोग पडद्यावर का करावा? दोरा आणि दगड प्रत्येक शाळेत मिळतो. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे दोन सेकंद येतो, लांबी पाव मीटर केली की तो सुमारे एक सेकंदावर येतो. हे हाताने मोजण्यातच विज्ञान आहे. जे हाताने करता येते ते हाताने करावे. जे फार सूक्ष्म, फार संथ, फार धोक्याचे किंवा फार दूरचे आहे, त्यासाठी पडदा वापरावा. हा विवेक म्हणजेच शिक्षकाची तयारी.

अध्यापक शिक्षणातील तुटलेपण

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात वीस आठवड्यांच्या शालेय आंतरवासितेची तरतूद केली. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानासाठीही स्वतंत्र घटक ठेवण्यात आला. हेतू चांगला होता. मात्र अनेक महाविद्यालयांत तंत्रज्ञानाचा घटक एक अध्यापक शिकवितो, गणिताची अध्यापनपद्धती दुसरा, आणि दोघांची गाठ वेळापत्रकातही पडत नाही. छात्राध्यापक सादरीकरणाच्या चकत्या तयार करायला शिकतो. पण अपूर्णांकाच्या भागाकारात मुले नेमकी कोठे अडतात आणि तेथे चित्राची मदत कशी होईल, हे शिकत नाही. तंत्रज्ञान अभ्यासक्रमात आले, अध्यापनात मुरले नाही.

महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेवरून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के संस्था खासगी असल्याकडे त्याने लक्ष वेधले आणि अध्यापक शिक्षणातील सार्वजनिक गुंतवणूक वाढविण्याची शिफारस केली. ज्या संस्थेचे उत्पन्न केवळ शुल्कावर अवलंबून आहे, ती प्रयोगशाळा आणि कुशल अध्यापकाचार्य यांवरील खर्च टाळण्याकडे झुकते. चांगल्या शिक्षकाचा लाभ समाजाला होतो, त्याला घडविण्याचा खर्च मात्र संस्थेला सोसावा लागतो. बाह्य लाभाचे हे ठळक उदाहरण आहे, आणि म्हणूनच येथे शासनाचा सहभाग अनिवार्य ठरतो.

या पार्श्वभूमीवर म्हैसूरचे प्रादेशिक शिक्षण संस्थान अभ्यासण्याजोगे आहे. एनसीईआरटीने १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे अशी महाविद्यालये स्थापन केली. विज्ञान आणि अध्यापन यांचे चार वर्षांचे एकात्मिक शिक्षण हे त्यांचे वैशिष्ट्य. पदार्थविज्ञान शिकताना ते शिकवायचे कसे, याचाही विचार व्हावा आणि आवारातील प्रायोगिक शाळेत तो पडताळून पाहता यावा, ही त्यामागील कल्पना. म्हैसूरचे संस्थान दक्षिणेकडील राज्यांसाठी आहे. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थानाकडे येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता असावी, असे उद्दिष्ट ठेवले. आधीच पदवी घेतलेल्यांसाठी कमी कालावधीचे मार्गही त्यात आहेत. २०२३-२४ पासून ५७ संस्थांत एकात्मिक कार्यक्रम पथदर्शी स्वरूपात सुरू झाला. साठ वर्षांपूर्वी चार आवारांत जे सुरू झाले, ते आता राष्ट्रीय धोरण होत आहे. तंत्रज्ञानाच्या एकात्मीकरणास हाच आराखडा अनुकूल आहे. कारण येथे आशय, अध्यापन आणि सराव एकाच छताखाली येतात.

दोन राज्यांचे दोन मार्ग

सेवेत असलेल्या शिक्षकांच्या बाबतीत शेजारच्या दोन राज्यांचा अनुभव तुलनेने पाहावा. कर्नाटकाने २००१ च्या सुमारास 'माहिती सिंधू' योजनेखाली सुमारे हजार सरकारी माध्यमिक शाळांत खासगी कंपन्यांमार्फत संगणक शिक्षण दिले. यंत्रे कंपनीची, शिकविणारेही कंपनीचे. करार संपला की दोन्ही गेले. त्याच वर्षी केरळने 'आयटी अॅट स्कूल' सुरू केले. तेथे शाळेतील शिक्षकांमधूनच प्रशिक्षक निवडले गेले, मुक्त आज्ञावली स्वीकारल्या गेल्या आणि हळूहळू विषयशिक्षकच त्यांचा वापर करू लागले. २०१७ मध्ये या उपक्रमाचे 'काईट' या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. एकाने सेवा विकत घेतली, दुसऱ्याने क्षमता निर्माण केली.

कर्नाटकानेही पुढे मार्ग बदलला. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाखाली राज्य शैक्षणिक संशोधन संस्था आणि बंगळुरूची 'आयटी फॉर चेंज' ही संस्था यांनी २०११ च्या सुमारास विषय शिक्षक मंच सुरू केला. गणित आणि विज्ञानाचे शिक्षक जिओजेब्रासारखी साधने शिकले, आपापसांत अडचणी मांडू लागले आणि कन्नडमध्ये मुक्त शैक्षणिक साहित्य तयार करू लागले. प्रशिक्षणाचा दिवस संपल्यावरही परस्परांना विचारण्याची सोय राहिली, हे त्याचे बलस्थान.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा अनिवार्य आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत काम केले. विज्ञान अवघड वाटण्यामागे पुष्कळदा विज्ञान नसून पाठ्यपुस्तकाची क्लिष्ट भाषा असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ते निरीक्षण आज पडद्यालाही लागू आहे. इंग्रजीतील उत्तम चित्रफीत सातवीतल्या मुलाला कळत नाही. यंत्राने केलेला बोजड अनुवादही कळत नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावर मराठी आशय आहे, बालभारतीच्या पुस्तकांत त्याकडे नेणारे क्यूआर कोड आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर करून वाट दाखविली आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला. मंच हे कोठार आहे. त्यातून आपल्या वर्गाला योग्य ते निवडणे, भाषा सोपी करणे आणि उणे असेल ते तयार करणे, हे कौशल्य छात्राध्यापकाला शिकवावे लागेल. उत्तरे तत्काळ लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात, ते उत्तर बरोबर आहे का, हे तपासण्याइतके आशयज्ञान शिक्षकाकडे असणे तर अधिकच निकडीचे झाले आहे.

खर्चाचा हिशेब

आता माझ्या शास्त्राकडे येतो. उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडू. तेविसाव्या वर्षी नोकरीला लागलेला माध्यमिक शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, असे धरले तर त्याची सेवा ३५ वर्षांची. दरवर्षी त्याच्या हाताखालून १२० विद्यार्थी गेले, तर एकूण ४,२०० विद्यार्थी होतात. संगणकाचे उपयुक्त आयुष्य पाच वर्षे मानले, तर त्याच काळात शाळेतील यंत्रे सात वेळा बदलतील. म्हणजे आज प्रशिक्षणात एखाद्या विशिष्ट यंत्राची बटणे शिकविण्यावर घालविलेला वेळ पाच वर्षांत निकामी होतो; कोणते साधन कोठे वापरावे, या विवेकावर लावलेला वेळ पस्तीस वर्षे फळ देतो. भांडवली खर्च दिसतो, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. मानवी भांडवल दिसत नाही. म्हणून अंदाजपत्रकात यंत्राची बाजू जड होते आणि दुरुस्ती, वीज, इंटरनेट व प्रशिक्षण यांची बाजू हलकी राहते. बंद खोलीतील नादुरुस्त संगणक हा तंत्रज्ञानाचा नव्हे, या असमतोलाचा परिणाम आहे.

पुढील दिशा

या विवेचनातून पाच सूचना निघतात. पहिली, प्रारंभ अध्यापकाचार्यांपासून व्हावा. ज्याने स्वतः अशा रीतीने गणित शिकलेले नाही आणि ज्याला ते शिकविणाराही तसाच आहे, त्याच्याकडून वर्गात बदलाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. दुसरी, तंत्रज्ञानाचा वेगळा घटक ठेवला तरी त्याचे मूल्यमापन गणित व विज्ञान अध्यापनपद्धतीच्या पाठांतूनच व्हावे. तिसरी, आंतरवासितेच्या वीस आठवड्यांत छात्राध्यापकाने किमान काही पाठ साधनासह आणि साधनाविना असे दोन्ही प्रकारे घ्यावेत आणि मुलांच्या वह्यांवरून फरक नोंदवावा. चौथी, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सेवेतील शिक्षकासाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. २०१९ मध्ये सुरू झालेले 'निष्ठा' प्रशिक्षण २०२० पासून ऑनलाइनही उपलब्ध झाले. हे तास केवळ चित्रफिती पाहून प्रमाणपत्र मिळविण्यात जाऊ नयेत. त्यातील निम्मे तरी आपल्या विषयाच्या शेजारी शिक्षकांसह प्रत्यक्ष कामात जावेत. पाचवी, साधनांवरील प्रत्येक तरतुदीसोबत प्रशिक्षण आणि देखभाल यांचा निश्चित वाटा बांधलेला असावा.

मित्रहो, तुम्ही ज्या छात्राध्यापकांना यंदा शिकवीत आहात, त्यांतील अनेकजण २०६० नंतरही वर्गात उभे असतील. त्यांच्या हाती तेव्हा कोणते यंत्र असेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. पण समोरच्या मुलाचा चेहरा पाहून ते कोठे अडले आहे, हे ओळखण्याची गरज तेव्हाही असेल. ती दृष्टी देणे हे तुमचे काम, आणि त्यासाठी लागणारा वेळ व पैसा उपलब्ध करून देणे हे शासनाचे. या दोन्हींचा मेळ बसला, तर नववीच्या गणितातील ३७ हा आकडा पुढच्या सर्वेक्षणांत बदललेला दिसेल.